तेच गाऱ्हाणं पुन्हा

वर्गात एस्किलसच्या नाटकाचं वाचन ठरलं तेव्हा मला ओरेस्टिस हवा होता. बाईंनी मला सूडदेवतांचं वृंदगान दिलं. ‘तुझा आवाज चिडका आहे,’ एवढंच कारण. बाईंचं माझ्यावरचं ऋण या वाटणीपासून सुरू होतं.

‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी अथेन्समध्ये इ. स. पू. 458 साली सादर झाली. एकाच घरातले खून, एकातून दुसरा. ट्रॉयच्या स्वारीसाठी अ‍ॅगमेम्नॉन पोटच्या इफिजेनियाचा बळी देतो. तो परतल्यावर त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला न्हाणीत मारते. मग अपोलोच्या सांगण्यावरून त्यांचा मुलगा ओरेस्टिस आईला मारतो. प्रत्येकाजवळ कारण आहे. तिसऱ्या नाटकात एरिनीज, म्हणजे माझ्या वाट्याच्या सूडदेवता, त्याचा माग काढतात. नवऱ्याला मारणारीच्या मागे का नाही लागलात, या प्रश्नावर त्यांचं उत्तर तयार असतं: तो तिच्या रक्ताचा नव्हता. कायद्याला इतक्या चोख बायका मी नंतर कोर्टातही क्वचितच पाहिल्या.

अथेना एकटीनं निवाडा करायला नकार देते. नागरिकांतून पंच निवडून अरिओपॅगसची न्यायसभा बसवते. प्रेक्षकांसाठी ही सभा केवळ पुराणातली नव्हती. काही वर्षांपूर्वीच एफिआल्टिस या पुढाऱ्यानं तिचे बहुतेक राजकीय अधिकार काढले होते, खुनाचे खटले तेवढे तिच्याकडे उरले होते. आणि पुढे त्याचाच खून झाला होता.

जन्म देतो तो बाप, आई नुसती बीज सांभाळते, हा अपोलोचा युक्तिवाद आला की बाई पुस्तक टेबलावर आपटत. अशा वकिलाची बाजू जिंकते, हे त्यांना कधीच पचलं नाही.

मतं समसमान पडतात, ओरेस्टिस सुटतो. संपलं म्हणून आम्ही वह्या मिटल्या. बाई म्हणाल्या, ‘पानं मोजा.’ आरोपी निघून गेल्यावरही नाटकाचा सुमारे चौथा हिस्सा शिल्लक असतो, आणि तो सगळा हरलेल्यांचा. त्यांचा आक्रोश, जमीन नापीक करण्याच्या धमक्या. अथेना समजावते, त्या तेच गाऱ्हाणं शब्दही न बदलता पुन्हा गातात. हे असं दोनदा होतं. दुसऱ्या खेपेला मी कंटाळून भरभर वाचू लागले. बाईंनी थांबवलं. ‘पहिल्यांदा म्हणालीस तसंच म्हण. ऐकलं गेलंय असं त्यांना अजून वाटत नाहीये.’ अथेना मात्र दर वेळी नव्यानं उत्तर देते. तुम्ही हरला नाहीत, मतं सारखीच होती. इथेच राहा, तुम्हाला मान मिळेल. बोलता बोलता झ्यूसच्या विजेच्या कोठाराची किल्ली मला ठाऊक आहे, हेही सुचवून ठेवते. या जागी बाईंना हसू आवरत नसे.

पुढे मी वकील झाले. निकाल विरुद्ध गेलेला अशील पायरीवर बसून पहिल्या दिवसापासूनची हकिकत सांगू लागतो, तेव्हा घड्याळाकडे न बघता बसून राहणं मला जमतं. हे मी कायद्याच्या वर्गात शिकले नाही.

एका मुद्द्यावर मात्र आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. सूडदेवता अखेर लाल वस्त्रं नेसून, मशालींच्या मिरवणुकीनं, नगरातल्या आपल्या नव्या घरी जातात. मला हा मोठा विजय वाटे. बाई म्हणत, ‘घर दिलं, पूजा दिली. पंचांत जागा दिली का?’