तिसऱ्या चेंडूची पोच

चि. ठकीस,

तुझं पत्र मामाने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याचा चहा गार झाला.

तुझ्या पोराने बेसबॉलच्या सामन्यात तिसरा चेंडू हुकवला, तो कॅचरच्या हातून निसटला, पोरगं जिवाच्या आकांताने पळत पहिल्या बेसवर पोचलं आणि अंपायरने दोन्ही हात पसरून ‘सेफ’ दिलं. यावर तू काय केलंस? ‘ही फसवणूक झाली’ म्हणून गाडीत त्याला बोललीस, वर त्या पिचरची माफी मागायला लावलीस! अगं, लहानपणी कडुलिंबाला चेंडू लागला की बाद ठरलेलं, तरी ‘लागलाच नाही’ म्हणत बॅट पोटाशी धरून बसणारी तू. दादा ते अजून विसरलेला नाही. विचार त्याला.

तीन स्ट्राइक म्हणजे बाद, हे अर्धंच खरं. तिसरा चेंडू कॅचरने जमिनीला लागण्याआधी घेतला, तर बाद. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५च्या नियमांतच ते आहे: हुकलेला तिसरा चेंडू झेलला गेला नाही, तर तो मारला असं धरायचं आणि फलंदाजाने धावायचं. आता त्याला एक अट आहे. पहिला बेस मोकळा हवा, नाहीतर दोन गडी आधीच बाद झालेले हवेत. ही अट नसती, तर लबाड कॅचरने चेंडू मुद्दाम पाडला असता. मग पहिल्या बेसवरच्या बिचाऱ्यालाही पळावं लागलं असतं आणि एका चेंडूत दोघं गेले असते. लहान मुलांच्या गटात हा नियम लावत नाहीत, म्हणून गेल्या वर्षापर्यंत तुला तो दिसला नाही, इतकंच.

मामाची उभी हयात रजिस्टर पत्रं वाटण्यात गेली. टपालपेटीत टाकलं म्हणजे पोचलं, असं तो कधीच मानत नाही. पोचपावतीवर सही झाली की पोचलं. पिचरने चेंडू टाकला, फलंदाजाला चकवलं, सगळं मान्य. पण कॅचरची सही कुठाय? हल्ली मोबाइलवर ‘पार्सल दिलं’ असा निरोप येतो आणि पार्सल जिन्याखाली भिजत पडलेलं असतं. मामी म्हणते, प्रत्येक गोष्टीत पावती आणू नका. न आणून कसं चालेल?

कॅचरची सही नसली की काय होतं, ते ब्रुकलिनवाल्यांना विचारायला हवं होतं. ५ ऑक्टोबर १९४१, एबेट्स फील्ड, वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना. ब्रुकलिनचे डॉजर्स ४-३ ने पुढे, नववी इनिंग, यांकीजचे दोन बाद, बेस रिकामे. ह्यू केसीच्या चेंडूवर टॉमी हेनरिकने बॅट फिरवली आणि हुकला. सामना संपला! पण चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या ग्लोव्हमधून निसटून मागे गेला होता. हेनरिक पळाला, बेसवर पोचला. मग डिमॅजिओचा फटका, केलरचा डबल, आणि यांकीज ७-४ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सीरिजही खिशात घातली. हेनरिकने माफी मागितली असती, तर ब्रुकलिनमध्ये त्याला वेड्यात काढलं असतं.

बेसवर जायच्या वाटा या खेळात विचित्रच आहेत. फिरती बॅट कॅचरच्या ग्लोव्हला लागली, तर दोष कॅचरचा आणि बेस फलंदाजाचा. जेकोबी एल्सबरीने २०१६च्या एका हंगामात असे बारा बेस मिळवले. चेंडू अंगाला लागला तरी बेस मिळतो, मग ते अंग का असेना, बूट का असेना. १९५७च्या सीरिजमध्ये मिलवॉकीच्या निपी जोन्सने चेंडू अंपायरपुढे धरला. त्यावर त्याच्या बुटाचं पॉलिश लागलं होतं. बेस मिळाला आणि त्याच इनिंगमध्ये सामना फिरला. बारा वर्षांनी न्यूयॉर्क मेट्सच्या क्लिऑन जोन्सच्या वेळी तेच. चेंडू घेऊन मैदानात आले मॅनेजर गिल हॉजेस. दोन्ही आडनावं जोन्स! पॉलिशचा तो काळा डाग म्हणजे मामाच्या लेखी पोचपावतीच.

पण लागून घेणाऱ्याला बेस नाही. चेंडू चुकवायचा प्रयत्न दिसायला हवा, जसं क्रिकेटमध्ये फटका मारायचा किंवा चेंडू टाळायचा प्रयत्न नसेल तर लेगबाय देत नाहीत. ३१ मे १९६८ला पिचर डॉन ड्रायस्डेलचा चेंडू डिक डीट्झला लागला. तिन्ही बेस भरलेले, म्हणजे फुकटची धाव येणार आणि ड्रायस्डेलची धाव न देण्याची मालिका मोडणार. अंपायर वेंडलस्टेट म्हणाले, हा हललाच नाही, बेस नाही. डीट्झ मग बाद झाला, आणि ती मालिका पुढे ५८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगपर्यंत गेली.

खरं तर मामाने लेखणी उचलली ती तुझ्या शेवटच्या ओळीमुळे. कोथिंबीर महागली अशा सुरात लिहिलंस, ‘मागच्या शनिवारी त्याच्या बरगडीला चेंडू लागला, तो हलला नाही, कोचने टाळ्या वाजवल्या.’ टाळ्या कसल्या? माँट्रिऑलचा रॉन हंट १९७१मध्ये पन्नास वेळा चेंडू अंगावर घेऊन बेसवर गेला. पण तो कमावता गडी होता, दहा वर्षांचं पोर नव्हे. क्लीव्हलँडचा रे चॅपमन १९२०मध्ये कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागून दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. डोक्यावर नुसती कापडी टोपी होती. आणि १९६२ साली बार्बाडोसमध्ये क्रिकेटच्या चेंडूने आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, तेव्हा तुझे आजोबा रेडिओपासून हलले नव्हते.

त्याला मागे सरकायला शिकव. पाठ वळवायची, हनुवटी खांद्यात घालायची. हेल्मेट नीट बसतं का, की भावाचं जुनं दिलंस? आंबेहळद मामीने पुडीत बांधून ठेवली आहे. येत्या महिन्यात शेजारचे येताहेत तिकडे, त्यांच्यासोबत पाठवतो. तोवर बरगडीचा फोटो पाठव, उजेडात काढलेला. आणि खोल श्वास घेताना दुखतं का, ते त्याला विचारून आजच कळव.

तुझा,
मामा