शनिवार कामाचा, रविवारची दुपार आपली

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. मी केजला एका कार्यालयात लिपिक आहे, नांदूरघाटहून एसटीने रोज ये-जा करते. शनिवार मोकळा झाला, पण त्या बदल्यात बाकीचे पाच दिवस लांबले. पावणेदहा ते सव्वासहा ही वेळ झाली. हिवाळ्यात घर गाठेपर्यंत अंधार पडतो. मग आठवडाभर तुंबलेलं सगळं सुटीवर येऊन पडायचं. दळण, धुणं, धान्याला ऊन देणं, पोराचा अभ्यास, लग्नसराईत गावोगावची लग्नं. सोमवारी गाडीत बसताना अंग शुक्रवारपेक्षा जड झालेलं असायचं.

वाट दाखवली ती सासूबाईंनी. त्यांना मी आत्या म्हणते. सगळी हयात त्यांनी रानात काढली. एकदा मला म्हणाल्या, "आवसंला औत धरीत न्हाईत, म्हणून काय कामं बुडत्यात व्हय? आदल्या दिशीच वैरण आणून टाकायची."

आमच्याकडे अमावास्येला बैलांना जुंपत नाहीत. तो विसावा उरल्यासुरल्या वेळातून निघत नाही. तो दिवस आधीच ठरलेला असतो आणि कामं त्याच्या मागंपुढं सरकतात.

तेव्हापासून शुक्रवारी परतीच्या गाडीतच मी यादी करते. सोमवारपर्यंत अडेल तेवढंच त्यात लिहायचं, बाकीचं पुढच्या आठवड्यात. दळण आणि बाजार नवऱ्याकडे, गहू-ज्वारी निवडणं आत्यांकडे, स्वतःचे कपडे धुणं पोराकडे. सगळं शनिवारी दिवेलागणीच्या आत. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते, तेव्हा हे रात्रभर रानात पाण्यावर असतात. त्या रविवारी सकाळी त्यांना कुणी उठवत नाही. यादीच त्या हिशेबानं होते. रविवारी जेवणं उरकली की मी आडवी होते. ऊन कललं की लिंबाखाली बसून आईशी फोनवर निवांत बोलते. लोळणं हेसुद्धा मी वेळापत्रकात धरते आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही.

कारण हा रविवार कुणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं, मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली.

पण अशी सुटी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आमच्या भागातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. आजारपण असो की पाळी, सुटी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा खाड्याची ही धास्तीही त्यामागचं एक कारण म्हणून समोर आली. मी कितीही चांगली यादी केली तरी ती उपयोगी पडते, कारण माझी सुटी सरकारी आदेशात लिहिलेली आहे. फडावरच्या बाईनं कसलं नियोजन करायचं?

ऊसतोडीच्या मजुरीचा करार पुन्हा होईल, तेव्हा दराच्या वाढीइतक्याच हट्टानं आठवड्यातून एक दिवस खाड्याविना सुटी मागितली पाहिजे. आणि ज्यांना शनिवार-रविवार आहे, त्या आपण पगारदारांनी त्या मागणीला साथ दिली पाहिजे.