सरगाठ

लुसाका, रविवार

आदरणीय सर,


झांबियातल्या दोन आठवड्यांतला एक संपला. आधी माझी फजिती सांगते. येताना मी रक्तवाहिन्या बंद करणारं ते यंत्र, व्हेसल सीलर, हौसेनं बरोबर आणलं होतं. पहिलं वर्थाइम, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन, त्याच्यावरच केलं, झपाट्यात, रक्त जेमतेम. ओटीतले सगळे बघत राहिले आणि मीही जरा फुशारले. बाहेर आल्यावर इथली फेलो हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही गेल्यावर हे इथेच राहणार का?"

दुसऱ्या दिवशी सीलरची पेटी उघडलीच नाही. क्लॅम्प, कात्री, दोरा. गर्भाशयाची धमनी बांधून झाली आणि तिच्याखालची मूत्रवाहिनी सोडवताना फेलोचा हात थबकला. मी काही न बोलता चिमट्यानं त्या नळीला नुसतं टोचलं. गांडुळासारखी वळवळली. "वळवळली तर मूत्रवाहिनी, नाही वळवळली तर थांब आणि विचार कर," हे तुमचं वाक्य इंग्रजीत सांगितलं, पण मजा गेली. पुढचं तिनं केलं. वेळ दुप्पट लागला. लागू दे.

ती नवखी नाही हं, सिझेरियन माझ्यापेक्षा जास्त केलीत तिनं. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन शिकवणारंच कोणी नसेल तर काय करणार? ग्रोसबेक परॅम आणि मुलिंदी म्वानाहामुहुंतु यांनी २००६ पासून इथे एचआयव्हीच्या दवाखान्यांना जोडून या कॅन्सरची तपासणी सुरू केली. नर्स ॲसिटिक ॲसिड लावते, पांढरा डाग दिसला की फोटो काढते, शंका असली तर तो डॉक्टरांना दाखवते. टाटा रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांत केली तीच व्हिनेगरची युक्ती. पण तपासणी वाढली की कॅन्सरही सापडतात, आणि लवकर सापडलेल्यांना चाकू लागतो. लॅन्सेट ऑन्कॉलॉजीच्या आयोगानं २०१५ मध्येच लिहिलं होतं की कॅन्सरच्या दर पाच रुग्णांतल्या चौघांना कधी ना कधी शस्त्रक्रिया लागते, आणि सुरक्षित, परवडणारी, वेळेवरची शस्त्रक्रिया जगात एक चतुर्थांश रुग्णांनाही मिळत नाही.

म्हणून आयजीसीएसची, म्हणजे स्त्रियांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, ही दोन वर्षांची फेलोशिप मला पटते. स्थानिक स्त्रीरोगतज्ज्ञानं आपल्याच रुग्णालयात शिकायचं, परदेशातल्या गुरूंनी अधूनमधून येऊन टेबलापाशी उभं राहायचं. नाहीतर आठवडाभरात डझनभर ऑपरेशनं उरकून, फोटो काढून जाणारे पाहुणे आपणही पाहिलेत. टाके उसवतात तेव्हा ते विमानात असतात. (पहिल्या दिवशी मी त्यांच्यातलीच होते.)

आता कामाचं. महिन्यातून एकदा ऑनलाइन ट्यूमर बोर्ड असतो, संजीव अरोरांच्या प्रोजेक्ट एकोच्या पद्धतीनं: केस तिनं मांडायची, आपण प्रश्न विचारायचे, निर्णय तिचा. इथले तीन म्हणजे आपले साडेसहा. तुमच्या फिरण्याची वेळ, माहीत आहे.

काल ड्यूटी रूममध्ये डोकावले तर ती खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून डाव्या हातानं गाठी मारत बसली होती. निरगाठ मारायला जाते आणि दुसऱ्या फेऱ्याला तिची सरगाठच होते. कुठे चुकतं ते मला दिसतं, सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात कॅमेऱ्यासमोर एकदा सावकाश करून दाखवाल?

तुमची विद्यार्थिनी