चेहऱ्याखालच्या चार ओळी

कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की आयुष्य घटते, अशी एक समजूत १९०० च्या सुमारास बडोद्यात पसरली होती. ती आमच्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांच्या धंद्याच्या मुळावर आली. खुद्द तिथले राजपुत्रही फोटो काढून घ्यायला राजी नव्हते म्हणे. फाळक्यांनी दरबारात छायाचित्रणाचे फायदे समजावून सांगितले. राजपुत्रांची भीती गेली, गिऱ्हाइकांची काही जाईना! पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, तेव्हा ह्याच गृहस्थांनी जाहिरात केली ती ५७,००० छायाचित्रांची, दोन मैल लांबीच्या चित्राची, आणि तेही अवघ्या तीन आण्यांत. माल किती नि दाम किती, एवढा रोकडा हिशेब.

ह्या जाहिरातीची आठवण मला भाच्यामुळे झाली. जुन्या नाशकात त्याच्या वडिलांपासूनचा स्टुडिओ आहे. मोबाइल आले आणि पासपोर्टच्या फोटोंचे गिऱ्हाईक आटले. लग्ने काय ती मुहूर्तांपुरती. गाळा सोडून नोकरी धरावी, असे घरात बोलणे निघाले होते.

एके दिवशी तो म्हणाला, “मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. लिंक्डइनवर माझ्या नावाखाली चार ओळी लिहून द्या ना.”

“ती तर नोकरी शोधणाऱ्यांची जत्रा. तुझी नवरामुलगी तिथे कुठून येणार?”

“नवरानवरी इन्स्टाग्रामवर असतात, मामा. इथे सातपूर-अंबडचे कारखानदार असतात. त्यांना यंत्रांचे फोटो लागतात, साहेबांचे लागतात, द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्यांना पेट्यांचे लागतात.”

मुलगा वाटला होता त्याहून हुशार निघाला. पण त्याने स्वतः लिहिले होते काय? ‘क्षणांचा सौदागर, प्रकाशाचा पुजारी.’ मास्तरकीची लाल पेन्सिल आपोआप हातात आली. कारखान्याचा खरेदी अधिकारी छायाचित्रकार शोधताना ‘पुजारी’ हा शब्द कशाला टंकील? तो ‘नाशिक’, ‘कारखाना’, ‘यंत्रे’ असलेच काही टाकणार. नावाखालच्या त्या ओळीत २२० अक्षरे मावतात. त्यांत प्रकाशाची पूजा मांडायची, की गावाचे नाव आणि काम सांगायचे?

“तू नेमके करतोस काय?” मी विचारले.

मग तो खुलला. चकचकीत सुट्या भागात अख्खे छप्पर आणि स्वतः फोटोग्राफरही उमटतो. म्हणून भोवती पांढऱ्या कापडाचा तंबू करायचा, उजेड बाहेरून सोडायचा. यंत्र थांबवले तर मालकाचे नुकसान, म्हणून पाळी बदलताना मधल्या वेळात काम उरकायचे. मी म्हटले, “हेच लिही.” माझ्या कादंबरीकारपणाची गरज तेवढ्यावरच संपली, ह्याचे किंचित वाईटही वाटले.

अडले ते शिफारशीपाशी. जुन्या गिऱ्हाइकाने दोन शब्द लिहावेत अशी तिथे सोय असते, पण मागायचे कसे? आपल्याकडे स्वतःची स्तुती मागणे म्हणजे भीक मागण्यासारखेच. मी त्याला राजा दीनदयाळांचे सांगितले. निझामांचा हा छायाचित्रकार. १८९७ साली त्यांना व्हिक्टोरिया राणीचे अधिकारपत्र मिळाले, ते काही त्यांनी ट्रंकेत घालून ठेवले नसेल! अखेर अंबडच्या एका वर्कशॉपवाल्याला त्याने भीतभीतच विचारले. उत्तर आले: ‘सांगितलेल्या वेळेला आला. यंत्र बंद करावे लागले नाही.’ माझ्या पुस्तकांवरची परीक्षणे मी वाचलेली आहेत. इतके नेमके एकही नाही.

आता दर सोमवारी तो एक फोटो आणि तो कसा काढला ह्याच्या दोन-तीन ओळी टाकतो. तीन ठिकाणांहून विचारणा झाली, त्यांतले एक काम मिळाले. गाळ्याचे भाडे त्यातून सुटत नाही; पण सोडण्याचे बोलणे दिवाळीपुढे ढकलले आहे.

राहिला होता त्याचा स्वतःचा फोटो. जो होता त्यात डोळ्याला कॅमेरा लावलेला, चेहरा आडच. दुसऱ्यांना ‘हनुवटी जरा वर’ सांगणारा हा मुलगा स्वतः समोर उभा राहायला बडोदेकरांसारखा घाबरतो! शेवटी आमच्या ताईनेच दारात उभा करून मोबाइलवर काढला. मान थोडी वाकडी आली आहे, मागे तुळशीवृंदावनाचा कोपरा दिसतो. तोच त्याने लावला.