बिब्बा राहू द्या

जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर भातकापणी आटोपली की बिब्ब्याला फळं दिसू लागतात. देठाकडे केशरी, मांसल बोंडू आणि त्याच्या टोकाला काळाकुळकुळीत बिब्बा. हे झाड काढून तिथं काजूची कलमं लावावीत, असं मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आलो. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात. काजूला मात्र भाव आहे. १९९२ साली वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. या भागात हाती पैसा देणारं झाडच हवं, ही तळमळ त्यातूनच आली, आणि ती आजही आहे.

मत बदललं ते एका मावशींना गोडंबी काढताना पाहून. हाताला तेल, वरून राख. दगडावर बिब्बा धरून नेमका घाव घातला की टरफल फुटायचं आणि आतली पांढरी गोडंबी अख्खी निघायची. मनगटावर मात्र उतल्याचे जुने काळे डाग.

काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेलही असंच कातडी जाळतं. तरी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेल्या त्या परक्या झाडासाठी आपण बी भाजायच्या, वाफवायच्या रीती बसवल्या, कटर केले, कारखाने उभारले. इथल्याच रानातल्या बिब्ब्याच्या वाट्याला अजून दगड आणि राख. अवजार नाही म्हणून झाडालाच वाईट ठरवायचं, हे मला आता पटत नाही.

शिवाय काजूच्या कलमाला सुरुवातीची वर्षं पाणी, कुंपण, राखण लागते. दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. मग राखायचं कोणी? बिब्बा मुरमाड जमिनीत आपला आपण वाढतो. आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात गोडंबी लागतेच, तिला शहरातही गिऱ्हाईक आहे.

काजू जरूर लावा, पण त्यासाठी बिब्बा तोडू नका. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी इथल्या लोकांची मानली आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांनी आपल्या आराखड्यात बिब्ब्याला जागा द्यावी, आणि काजूचे कटर बनवणाऱ्यांनी बायांचे हात न उतता बिब्बा फोडता येईल असं एक साधं यंत्र करून द्यावं.