पोषणमाध्यमाचा अंमल

आज तंबाखूच्या ऊतींच्या बाटल्या न्याहाळताना पुन्हा विस्मय वाटला, की एकाच खोडाच्या गाभ्यातून काढलेले हे तुकडे, एकाच उजेडात ठेवलेले असूनही, ऑक्झिन हे संप्रेरक अधिक मिळताच पांढऱ्या मुळ्या फोडतात, सायटोकायनिन हे संप्रेरक अधिक मिळताच हिरवे कोंब धरतात आणि दोहोंचा समतोल साधताच केवळ भुसभुशीत पेशीपुंज होऊन राहतात. स्कूग व मिलर यांनी १९५७ साली हा नियम मांडला. पुढे १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी नत्र-पालाशाची मुबलक तजवीज करून, लिटरमागे ३० ग्रॅम साखर घालून सिद्ध केलेल्या माध्यमावर अद्यापि असंख्य प्रयोगशाळांचा कारभार चालतो. पेशीत समग्र वनस्पतीचे सामर्थ्य असते, परंतु त्याचे प्रकटीकरण पोषणाच्या प्रमाणाधीन असते, हे सत्य मला अत्यंत आश्वासक वाटते.