रामकुंडावरचा कर्णा

अंगाचा रंग मूळचा करडा असावा; आता ऊन, पाऊस आणि कबुतरं यांनी मिळून दिलाय तो. नाशिकच्या रामकुंडाच्या काठी खांबावर, कुणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर त्याचा मुक्काम. तोंड पाण्याकडे. पाठीला पाठ लावून जुळा भाऊ, तो बाजाराकडे तोंड करून. बोलण्याआधी खाकरायची सवय: खर्र, मग बारीक शिट्टी, मग शब्द. गळा अरुंद, आणि खर्ज त्याला जन्मात जमलेला नाही. कितीही भारदस्त आवाजाचा हवालदार माईकवर येवो, कर्ण्यातून तो नाकातच बोलतो.

स्वभाव निष्ठावान, पण रुक्ष. पाकीट सांभाळा, खोल पाण्यात जाऊ नका, नदीत कपडे टाकू नका, लाल शर्टातला पाच वर्षांचा मुलगा सापडलाय, सगळं एका सुरात, कारकुनानं जावक नोंदवही वाचून दाखवावी तसं. ऐकतं कोण? खाली गुरुजींचा संकल्प चाललेला असतो. 'गोत्र?' 'काश्यप.' (ज्याला आठवत नाही त्याचं काश्यप, ही सोय फार जुनी.) दहाव्याला आलेले भाऊबंद कावळ्याची वाट बघत असतात. बुधवार असला तर भाजीबाजाराचा गलका वेगळाच. रोज 'गंगेवर', म्हणजे गोदावरीवर, येणाऱ्या नाशिककराला विचारा, आत्ता काय पुकारलं? तो म्हणेल, पुकारलं काही?

यात कर्ण्याचा अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. 1959 साली नेव्हिल मोरे या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं लोकांच्या एका कानात मजकूर सोडला आणि तो मोठ्यानं म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात मध्येच ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घेतलं. साधारण तिघांतल्या एकाच्या ते ध्यानात आलं. स्वतःच्या नावाची ही गत, तिथं पाकीट सांभाळा कोण ऐकणार!

सिंहस्थात मात्र याच कर्ण्याला वेगळं काम लागतं. 'हरवले-सापडले'चा कक्ष उघडतो. प्रयागला राजाराम तिवारींनी 1946 पासून असं शिबिर चालवलं, आयुष्यभर; आपल्याकडे पोलीस आणि स्वयंसेवक ते सांभाळतात. 2015 च्या पर्वणीतली एक आजी आठवते. मराठवाड्याकडची, हिरवं लुगडं, हातात ओलं धोतर आणि तांब्याचा गडू. धोतराचा मालक गर्दीत गडप. स्वयंसेवक पोरगा वही घेऊन बसलेला.

"आजी, आजोबांचं नाव सांगा."

आजी गप्प. पदर ओठांशी.

"अहो, नाव सांगितल्याशिवाय पुकारू कसं?"

"बाळूचे बाबा म्हन."

पोरानं तसंच म्हटलं. त्या घाटावर बाळूचे बाबा किती असतील! कुणी वळूनही पाहिलं नाही. मग त्यानं शहाणपणा केला. माईक आजीच्याच तोंडाशी धरला. आजी आधी दचकली, मग म्हणाली, "अवो बाळूचे बाबा, म्या हितं हाय... हितं, खांबापाशी..." आणि 'खांबापाशी'वर आवाज फुटला.

घाटावरच्या माना एकदम वर झाल्या. संकल्प सांगणारे गुरुजीसुद्धा क्षणभर अडखळले. शब्दांत फारसं नवीन काही नव्हतं. आणि कर्ण्याचा तो अरुंद गळा! खर्ज कापला जातो, गोडवा जातो, पण सुराचा चढउतार, मध्येच तुटलेला श्वास, वाढलेली घाई एवढं तो इमानानं पुढे पोचवतो. भावनेला एवढी वाट पुरते.

2005 मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी हीच गोष्ट मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात माणूस झोपवून पाहिली. दोन्ही कानांत एकाच वेळी दोन आवाज, शब्द मुद्दाम निरर्थक. एकाच कानाकडे लक्ष द्यायचं आणि बोलणारा पुरुष की बाई तेवढं सांगायचं. दुर्लक्षित कानात रागाचा सूर आला, तरी दोन्ही कानशिलांमागचा आवाज जोखणारा पट्टा जास्त चेतत होता. आत खोल बसलेला बदामाच्या आकाराचा अमिग्डालाही चेतत होता. पण डोळ्यांच्या खोबणीवरच्या, कपाळामागच्या भागाचं तसं नव्हतं. त्या आवाजाकडे लक्ष दिलं, तरच तिथला प्रतिसाद वाढायचा. प्रयोग रागाचा होता, रडण्याचा नव्हे. तरी घाटावर मला दिसलं ते याच्याशी जुळणारं वाटतं: माना सगळ्यांच्या वळल्या, आणि पुढच्या क्षणी जो तो आपल्या बुडीकडे परतला. गर्दीतून कोपरं मारत आला तो एकच म्हातारा, उघडा, ओला, पंचा गुंडाळलेला. आल्या आल्या खेकसला, "वरडती कशाला?"

अमिग्डाला सदैव जागा असतो, असंही कुणी समजू नये. 2011 मध्ये जर्मनीत झालेल्या प्रयोगात लोकांना आवाज सोडून पडद्यावरच्या चिन्हांकडे बघायला लावलं, तर रागीट आवाजानं अमिग्डालात होणारी ती वाढ दिसेनाशी झाली. डोळे पुरते गुंतले की कानाचा पहारेकरीही ढिला पडतो. रामकुंडावर मोबाइल उंच धरून स्वतःचेच फोटो काढणारी मंडळी पाहिली की हा प्रयोग जर्मनीत करायची गरज नव्हती असं वाटतं.

पावसाळ्यात कर्ण्याला तिसरं काम. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की काठच्या टपऱ्या हलवायचा इशारा. आकडा क्युसेकमध्ये येतो आणि दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढेल याचा हिशेब टपरीवाला मनात तयार ठेवतो. पण सामान उचलायला तो आकड्यासाठी थांबत नाही. पुकारणाऱ्याचा सूर रोजच्यापेक्षा किंचित वर चढला की फळकुटं सुटायला लागतात. पोट ज्या आवाजावर अवलंबून, त्याकडे अर्धा कान कायम लावलेला असतो. हाच सूर पाहुण्या यात्रेकरूच्या डोक्यावरून जातो. तो पायरीवर बसून निवांत पाय बुडवत राहतो, मग शिपाई शिट्टी फुंकत धावतो.

2027 च्या पर्वण्यांना सूचना ध्वनिमुद्रित येतील, चार भाषांत येतील, स्वच्छ उच्चारांत येतील. येऊ देत. पाकीट सांभाळा म्हणायला ते पुष्कळ झालं. फक्त हरवलेल्या माणसाचा पुकारा मुद्रित आवाजानं करू नये, वहीतून वाचूनही करू नये. माईक त्याच्याच तोंडाशी धरावा. नाव नाही घेतलं तरी चालतं.